झरीचा पोकळ वळू

"वळूच्या अंगाला भोकं पडलीत," आलेला तरुण म्हणाला, "आणि ती कोण पाडतंय ते मला रविवारच्या आत कळायला हवं."

महारुद्र कऱ्हाळेच्या हातातलं भजं तोंडापाशी थांबलं. उभी उमर एसटीची गाडी चालवण्यात गेलेली. शेळ्या नेल्या, वऱ्हाडं नेली, एकदा तर देवाची पालखीही नेली; पण असलं गाऱ्हाणं त्याने कुठल्या थांब्यावर ऐकलं नव्हतं.

"जिवंत वळूच्या?" शुभदाने विचारलं.

"वळू जिवंत आहे. भोकं त्याला नाहीत. संगणकातल्या वळूला आहेत."

"मग बसा. मामा, भजी इकडं सरकवा."

शुभदा वाघमारे पूर्वी एका विमा कंपनीत जनावरांचे दावे तपासायची. जिवंत म्हैस मेलेली दाखवणारे आणि मेलेलीला दुसऱ्याच म्हशीचं नाव देणारे तिने इतके पाहिले, की शेवटी नोकरी सोडून परभणीत स्वतःचंच तपासाचं दुकान थाटलं. महारुद्र निवृत्त झाल्यावर तिची जीप चालवायचा. एसटीत त्याने कधी वाट चुकवली नव्हती. या नव्या कामात मात्र तो दर वेळी चुकीच्या फाट्याला वळायचा, आणि तरी पुढच्या वेळी तेवढ्याच उमेदीने निघायचा.

तरुणाचं नाव सुगत खंदारे. परभणीचाच, पण पुण्यातली चांगली नोकरी सोडून परत आलेला.

"झरीला व्यंकटराव गव्हाण्यांचा देवणी गाईंचा गोठा आहे," तो सांगू लागला. "तिथं मी एक बोळ उभारलाय. दोन्ही बाजूंना खांब, खांबांवर चार डेप्थ कॅमेरे. साधा कॅमेरा रंग बघतो, हा अंतर बघतो. डोळ्याला न दिसणारा उजेड फेकायचा, आणि तो परत कसा येतो त्यावरून समोरचं किती लांब आहे ते ठरवायचं. एका कॅमेऱ्याला जनावराची एकच बाजू दिसते. चार मिळून ते चहूबाजूंनी दिसतं. गाय बोळातून चालली, की त्याच क्षणी पडद्यावर तिची सबंध मूर्ती चालते. वरून बघा, मागून बघा, फिरवून बघा. उंची, लांबी, छातीचा घेर, वजन, सगळं तिथल्या तिथं. जनावराला हातसुद्धा लावायला नको."

"आणि भोकं?"

"तिथला वळू आहे, नवाब. पांढरं अंग, त्यावर काळे ठिपके, काळं तोंड. तीन महिने पडद्यावर अगदी भरीव यायचा. मंगळवारपासून त्याच्या डाव्या कुशीवर आणि पुठ्ठ्यावर भोकं दिसतात. आतून नुसता पोकळ. मापंही चुकतात. उंची दोन बोटं कमी, वजन कमी."

"साध्या फोटोत?"

"फोटोत धडधाकट. ठिपके जिथल्या तिथं." सुगतने कपाळावरचा घाम पुसला. "रविवारी एका पैदास संस्थेची माणसं येतायत. नवाबला घेऊन जायला, आणि माझं यंत्र बघायला. त्यांच्यासमोर पोकळ वळू चालला, तर मी हे सगळं गुंडाळून परत पुणं गाठलेलं बरं. कुणीतरी कॅमेऱ्यांशी खेळतंय, ताई. माझी खात्री आहे."

शुभदाने शेवटचं भजं उचललं. "खात्री झरीत जाऊन करू. मामा, जीप काढा."

*

तुरी फुलल्या होत्या आणि कापसाची वेचणी चालली होती. व्यंकटराव ओसरीवर पलंगावर बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांच्या उशाशी एक ठसठशीत म्हातारी, हातात औषधाची कुपी.

"या, या," व्यंकटराव म्हणाले. "सोमवारी मोतीबिंदू काढला. मला आता तुमचं निस्तं धुकं दिसायलंय. ही आमची थोरली भईण, बायनाआक्का. पाथरीकडं असती."

"डोळे मिट. अजून एक थेंब ऱ्हायलाय," बायनाबाई म्हणाल्या.

"डाक्टर म्हणला, धुळीत जाऊ नको. आक्का तर डाक्टरच्या वर. ओसरीखाली पाय टाकू देईना. सोमवारी आमी समदे दवाखान्यात, गोठ्याकडं बघायला कुणी न्हाई म्हणून ही आली. येताना गाईंसाठी टेम्पोभर उसाचं वाढं घेऊन आली. आता ऱ्हायलीच."

"कॅमेऱ्यांशी कुणी छेडछाड करत असेल, असं वाटतं तुम्हाला?" शुभदाने विचारलं.

"कोण करंल? पण सुगतरावाचं नुकसान होऊ नये. पोरगं लय मेहनती हाय. मला बी त्याच्या पडद्याचा आधार हाय. गोठ्यात जाता येईना, तर पडद्यावर काय दिसतंय त्ये त्याच्याकडून ऐकायलो."

"नवाब तुमचा लाडका दिसतो."

"लाडका?" म्हाताऱ्याचा आवाज मऊ झाला. "वासरू होतं तवा आक्कानंच दिला मला. भाऊबीजेला. जग भावाकडून घेतं, माझ्या आक्कानं उलटी ओवाळणी घातली. त्याची माय अजून हिच्याकडंच हाय, विती चांगली. नवाब म्हंजी, ओसरीवरून हाक मारली की गोठ्यातून हुंकार द्यायचा. पण चार दिस झाले, हाका मारायलो, तर हूं न्हाई की चूं न्हाई. रुसलाय."

"जनावराला बी कळतंय, आता जायचंय म्हणून," बायनाबाई हळूच म्हणाल्या आणि कुपीचं झाकण लावू लागल्या.

*

गोठ्यात परमेश्वर होता. व्यंकटरावांचा जुना गडी, मोजकं बोलणारा. शुभदाने आधी गाई बोळातून न्यायला सांगितल्या. महारुद्र पडद्यासमोर उभा राहिला आणि हरखून गेला. इकडे बोळात गाय पाऊल टाकत होती, तिकडे हजारो बारीक ठिपक्यांची गाय त्याच चालीने चालत होती. सुगतने बोटाने ती फिरवली, तर तिची पाठ वरून दिसू लागली. शेपटी हलली, पडद्यावरचीही हलली.

"आयला!" महारुद्र म्हणाला. "ही तर बिनरक्ताची गाय!"

"मापं कशी आहेत?" शुभदाने विचारलं.

"बरोबर. मागच्या महिन्यात होती तशीच. सगळ्या गाईंची."

गाईंच्या कुशी अजून ओलसर होत्या, नुकत्याच धुतल्यासारख्या. शुभदाने एकीच्या पाठीवरून हात फिरवला, मग परमेश्वरला म्हणाली, "आता वळू आणा."

नवाब आला. भरदार वशिंड, काळं तोंड, मान डुलवत. पडद्यावरही आला. वळूच्या डाव्या कुशीवर परातीएवढं भोक होतं, त्यातून पलीकडच्या कुशीची आतली बाजू दिसत होती. पुठ्ठ्यावर आणखी एक. वळू पुढे सरकला, तशी भोकंही त्याच्याबरोबर पुढे सरकली.

"हे कोणत्या कॅमेऱ्याचं काम?"

"डावीकडच्या दोघांचं. दोघांनाही तिथं काहीच दिसत नाही," सुगत म्हणाला. "उजवीकडचे कॅमेरे काढून डावीकडे लावून पाहिले. भोकं तिथंच."

"चौघांचा उजेड एकमेकांत मिसळत असेल?"

"तीही शंका आली. एकेक बंद करून पाहिला."

"ऊन?"

"सकाळीही तेच, संध्याकाळीही तेच."

"काळ्या रंगाचं काही?"

"काळा रंग उजेड गिळतो, हे खरं. म्हणून सुरुवातीलाच मी दिव्यांची ताकद वाढवून घेतली. तेव्हापासून त्रास नाही. बघा ना, याचं तोंड काळंच आहे, पण पडद्यावर कसं भरीव आलंय."

शुभदा त्या भरीव तोंडाकडे आणि मग पोकळ कुशीकडे बराच वेळ बघत राहिली.

महारुद्रला राहवेना. त्याने वळूला जवळ घेतलं, कुशीवर थोपटलं, उसाच्या वाढ्याची एक पेंढी पुढे केली. वळूने ती अधाशासारखी ओढून घेतली. गव्हाणीतली कडब्याची कुट्टी मात्र तशीच पडून होती.

"कडबा खात नाही वाटतं?"

"चार दिस झाले, त्वांड लावंना," परमेश्वर म्हणाला.

"आणि कानातला बिल्ला तारेनं का बांधलाय?" शुभदाने विचारलं.

"सोमवारी कुपाटीत अडकला. वढाताण केली त्यानं, निघाला."

शुभदाने वळूचा कान हळूच हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. "बिचाऱ्याला लागलं असेल."

"लय न्हाई लागलं."

"याला अंघोळ कधी घातली?"

परमेश्वर जरा थबकला. "थंडी पडलीय ना, बाई. आठ दिस झाले, पाणी न्हाई लावलं."

तेवढ्यात मोटारसायकल वाजली. व्यंकटरावांचा मुलगा योगीराज आला. गावात त्याचं खताचं दुकान होतं.

"सापडला का कॅमेऱ्याचा चोर?" तो हसत म्हणाला. "मीच हाय म्हणा. मंगळवारी माझ्या ट्रॉलीचा धक्का लागला एका खांबाला. सुगतला मीच सांगितलं."

"खरं आहे," सुगत म्हणाला. "कॅमेरा केसभर जरी हलला तरी चौघांची चित्रं एकमेकांवर बसत नाहीत, एका गाईला दोन पाठी दिसतात. म्हणून त्याच दिवशी काळ्या-पांढऱ्या चौकोनांची पाटी धरून सगळी जुळणी परत केली."

"तुम्हाला हे कॅमेरे आवडत नाहीत?" शुभदाने योगीराजला विचारलं.

"मला काय त्याचं? गाईचं वजन आमचा आजा नजरेनं सांगायचा. पण आबाची हौस. वळू एकदाचा गेला म्हंजी बरं. त्या जागेत मला गोदाम काढायचंय."

"सोमवारी तुम्ही कुठं होता?"

"दवाखान्यात. दिवसभर. घरात आत्या अन् हा परमेश्वर."

*

चहा घेताना महारुद्रने शुभदाला बाजूला घेतलं.

"ताई, उघड आहे. योगीराज. मंगळवारी खांबाला धक्का, मंगळवारपासून भोकं. वर हसतो कसा बघा ना!"

"मामा, त्याला वळू गेलेला हवाय. पाहुण्यांसमोर वळू पोकळ दिसला तर जाईल का?"

महारुद्रने बशीतला चहा फुंकरला. मुद्दा बरोबर होता. तो मनातल्या मनात दुसऱ्या फाट्याकडे वळू लागला.

"तुमच्या बाहीला काय लागलंय?" शुभदाने विचारलं.

त्याने पाहिलं. पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर काळाकुट्ट, तेलकट डाग. "जीपचं वंगण असेल."

"आज बॉनेट उघडलंत?"

महारुद्रने आठवून पाहिलं. नव्हतं उघडलं. त्याने डाग बोटाने घासला. बोट काळं झालं. शुभदा मात्र प्रसन्न दिसत होती. हे हसू महारुद्रच्या ओळखीचं होतं. ते आलं की केस संपायला आलेली असते आणि आपल्याला त्यातलं काही कळलेलं नसतं.

"सुगत, पडदा ओसरीवर आणता येईल? व्यंकटरावांना धुळीत उतरायला नको. सगळ्यांना बसवा. आणि घरातून थोडं खोबरेल तेल आणि एक जुनं धोतर आणा."

*

ओसरीवर पडदा मांडला. व्यंकटराव पलंगावर, शेजारी बायनाबाई, खाली महारुद्र आणि सुगत. समोर अंगणाच्या पलीकडे बोळात वळू उभा. परमेश्वरने दावं धरलेलं. योगीराजच्या हातात तेलाची वाटी आणि फडकं होतं, आणि आपल्याला हे काम का दिलंय ते त्याला कळत नव्हतं.

"व्यंकटराव, एकदा हाक मारा," शुभदा म्हणाली.

"नवाब! ए नवाब!"

वळूने कान हलवून माशी उडवली, एवढंच.

"आता योगीराज, डाव्या कुशीवरचा काळा ठिपका तेलाने पुसा. जोर लावून."

योगीराजने फडकं बुडवलं आणि घासू लागला. सगळ्यांच्या नजरा पडद्यावर. कुशीतल्या भोकाच्या कडेला आधी दोनचार ठिपके उगवले. मग ओळीच्या ओळी. फडकं जिथे जिथे फिरत होतं तिथे तिथे वळूचं अंग भरत चाललं होतं, रिकाम्या हौदात पाणी चढावं तसं. पलीकडची कूस दिसेनाशी झाली. कूस भरीव झाली.

"भरलं!" सुगत ओरडून उभाच राहिला. "भोक भरलं!"

"आबा," योगीराज बोळातून हाका मारत होता, "आबा, ह्याचा ठिपका निघाला की! खाली समदं पांढरं हाय!"

व्यंकटराव पलंगाची कड धरून पुढे झुकले. "ही काय भानगड हाय, बाई?"

"सांगते." शुभदा खांबाला टेकली. "सुगत, तुम्ही मला कॅमेऱ्याचा चोर शोधायला आणलंत. पण कॅमेऱ्यांना काही झालंच नव्हतं. झालं असतं तर गाईंचीही मापं चुकली असती, त्यांनाही भोकं पडली असती. ट्रॉलीचा धक्का, चुकलेली जुळणी, एकमेकांत मिसळलेला उजेड, या सगळ्यांनी सरसकट गोंधळ घातला असता. इथं गोंधळ फक्त एका जनावराचा. दुसरं, कॅमेऱ्यातला दोष असता तर भोक हवेत एका जागी राहिलं असतं. हे भोक वळूबरोबर चालत होतं. म्हणजे दोष कॅमेऱ्यात नाही, वळूच्या अंगावर होता."

"पण तोंडही काळंच आहे," महारुद्र म्हणाला.

"तीच खूण, मामा. एकाच वळूचे दोन काळे. तोंडाचा काळा दिसतो, कुशीचा दिसत नाही. म्हणजे दोन्ही काळे एक नव्हेत. तोंडाचे केस जन्मापासून काळे. कुशीवर तव्याची काजळी आणि तेल. काजळी उजेडाचा कणही परत देत नाही. माणसाचा डोळा फसला, साधा फोटो फसला, पण हे कॅमेरे रंग बघतच नाहीत. त्यांनी इमानदारीने सांगितलं, इथून मला काही परत आलं नाही. काजळी मामांच्या बाहीलाही लागली. आणि म्हणूनच आज गाई धुतल्या गेल्या, वळू तेवढा आठ दिवस कोरडा. थंडी त्या एकट्यालाच वाजते का?"

परमेश्वरने मान खाली घातली.

"मापंही चुकली नव्हती," सुगत पुटपुटला.

"नव्हती. वजन दोन दिवसांत उतरेल एखाद्या वेळेस, पण हाडाची उंची उतरत नाही. राहिला बिल्ला. असले बिल्ले मी हजारोंनी पाहिलेत. एकदा कानात बसला की निघत नाही. एक तर खिळा कापावा लागतो, नाही तर कान फाटतो. या वळूचा कान धडधाकट आहे. बिल्ला कुपाटीत अडकला नाही. तो नवाबच्या कानातून कापून काढला आणि याच्या कानात तारेने बांधला."

"म्हंजी हा नवाब न्हाई?" व्यंकटरावांनी पलंगाखाली पाय सोडले. "मंग माझा नवाब कुठंय?"

"सुखरूप आहे. बघा, अंगकाठी, वशिंड, तोंड इतकं सारखं जनावर कोणतं? एकाच मायेचं. नवाबची माय कुणाकडे आहे, ते तुम्हीच सांगितलंत. हा कडब्याला तोंड लावत नाही, उसाच्या वाढ्यावर तुटून पडतो, कारण तो उसाच्या शिवारात वाढलाय. सोमवारी वाढ्याचा टेम्पो आला. वाढ्याच्या आड हा आला, आणि जाताना टेम्पो रिकामा गेला नाही. घरात त्या दिवशी दोनच माणसं होती. आणि मंगळवारपासून, ज्या एका माणसाने नवाबला स्पर्शानेसुद्धा ओळखलं असतं, त्याला कुणीतरी ओसरीखाली उतरू दिलं नाही."

व्यंकटरावांनी मान वळवली.

"परमेश्वर," शुभदा म्हणाली, "तुम्ही..."

"त्याला काय विचारायलीस, पोरी?" बायनाबाईंनी औषधाची कुपी खाली ठेवली. "मला विचार. म्याच नेला नवाब. हा वजीर हाय, त्याचा पाठचा भाऊ. ठिपके म्याच काढले, माझ्या हातानं. पोळ्याला बैल रंगवायलाव की जन्मभर."

"आक्का!"

"वरडू नगस, डोळ्याला ताण पडतोय. दिवाळीला आले तवा मागितला का न्हाई तुला? आठ दिसांसाठी दे म्हणलं. गावातल्या बायांच्या गाई हायत, त्यांना एकदा तरी नवाब दाखवू दे. तू काय म्हणलास?"

"संस्थेची अट हाय, आक्का. निवड झाल्यावर भायेरच्या गाईला लावायचा न्हाई. रोगराई येती. म्या शब्द दिलता."

"तुझा शब्द तुला. असला वळू पिढीत एखांदा निपजतो. त्यो आता परमुलखात जाणार. त्याच्या बीजाची कांडी येईल म्हणतेत आमच्याकडं, गाई भरवायला. येती कवा? गाय काय साहेबाची वाट बघत माजावर बसती व्हय?" म्हातारीचा आवाज पहिल्यांदाच ओला झाला. "माझ्या गोठ्यात जलमला, अन् माझ्याच गावाला त्याचं एक वासरू न्हाई. हे मला बघवंना, व्यंकट. शनिवारी परत आणून बांधणार होते. परमेश्वरला बोलू नगस. त्याची सासुरवाडी आमच्या गावची. म्या गळ घातली, त्याला न्हाई म्हणता आलं न्हाई."

योगीराज फडकं हातात घेऊन अंगणात तसाच उभा. महारुद्रला वाटलं, आता म्हातारा कडाडणार. त्याच्या घरीही दोन थोरल्या बहिणी होत्या. असल्या वेळी कोण जिंकतं ते त्याला ठाऊक होतं.

"वासरू तू दिलंस मला," व्यंकटराव शेवटी म्हणाले. "अन् आठ दिसांसाठी मी तुलाच न्हाई म्हणलो. माझं बी चुकलंच." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "काम झालं का मंग?"

"झालं की. चांगलं झालं."

आधी योगीराज फसकन हसला, मग परमेश्वर, आणि मग ओसरीच हसू लागली.

"पण रविवारी त्या साहेबाला मी काय तोंड दाखवू?" व्यंकटरावांनी शुभदाला विचारलं.

"आहे तेच दाखवा," शुभदा म्हणाली. "अट रोगराईसाठी आहे. ते परत तपासणी करतील. लपवलंत आणि त्यांच्या गोठ्यात काही निघालं, तर मात्र तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही."

*

शनिवारी नवाब परत आला आणि रविवारी संस्थेचे आदिनाथ सोळंके आले. व्यंकटरावांनी चहाच्या आधीच सगळं सांगून टाकलं. बायनाबाई शेजारी उभ्या होत्या, पदर खोचून, भांडायच्या तयारीने.

सोळंक्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. नवाब महिनाभर वेगळा बांधावा लागेल, म्हणाले, रक्ताची तपासणी पुन्हा होईल, आणि ती साफ निघाली तरच तो जाईल. व्यंकटरावांनी मान्य केलं आणि आपली एक अट घातली. नवाबच्या पहिल्या कांड्या पाथरीकडच्या त्या गावाला आल्या पाहिजेत. सोळंक्यांनी बायनाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तेही मान्य केलं.

मग ते सुगतकडे वळले. "म्हणजे तुमच्या यंत्राने बदललेला वळू पकडला?"

"यंत्राने दाखवला, साहेब. ओळखला शुभदाताईंनी. मी तर चार दिवस यंत्रालाच शिव्या देत होतो."

सोळंके हसले. त्यांनी नवाबला बोळातून तीनदा चालवलं, वजीरलाही चालवलं, दोघा भावांच्या मूर्ती पडद्यावर शेजारी शेजारी उभ्या करायला लावल्या आणि कितीतरी वेळ त्या फिरवून फिरवून पाहत बसले. जेवणाच्या पानावरून उठताना म्हणाले, "असे बोळ आमच्या सगळ्या गोठ्यांवर हवेत. पुण्याला जायचा विचार असेल तर सोडा."

सुगतने आणखी एक भाकरी मागून घेतली.

नवाबची तपासणी साफ निघाली आणि महिन्याभराने तो गेला. व्यंकटरावांनी त्याला स्वतःच्या हाताने गाडीत चढवलं.

पुढच्या वर्षी गणपती उठल्यावर बायनाबाईंचा शुभदाला निरोप आला, समदे या. महारुद्रने जीप काढली. गावात गेल्या गेल्या त्याला पुरणपोळी मिळाली, त्यामुळे पुढचं सगळं त्याला फारच सुंदर दिसलं. सुगतने चावडीपुढच्या मैदानात खांब रोवले होते. बाया आपापल्या गाईंना नवाबपासून झालेली वासरं घेऊन आल्या होत्या. वासरं धड चालत नव्हती. उड्या मारत होती, आणि पडद्यावरही ठिपक्यांची वासरं तशाच उड्या मारत होती. पोरं टाळ्या पिटत होती. एक ठिपकेदार कालवड बोळातच बसली आणि उठेचना. सुगतचं माप राहिलं, पण तिच्यावरून सगळ्या गावाची नजर हलेना.

व्यंकटराव चावडीच्या पायरीवर बहिणीशेजारी बसले होते. बराच वेळ ते त्या कालवडीकडे पाहत राहिले. मग घसा खाकरला.

"आक्का, एक मागू का?"

"माग की."

"ती ठिपक्याची कालवड. मला दे."

बायनाबाईंनी कालवडीकडे पाहिलं, मग भावाकडे.

"ती शेवंताची हाय," त्या म्हणाल्या. "तिला इचार. अन् ती न्हाई म्हणली तर पुढच्या वेताला ये. पर आधी शिवकन्याला कबूल केलीय, मंग परमेश्वरच्या सासूला. तुझा नंबर त्यांच्या मागं."

"बरं," व्यंकटराव म्हणाले, आणि पायरीवर जरा सरकून ऐसपैस बसले. "थांबतो की. मला काय घाई हाय?"